आधी मीटर की आधी धक्का?

‘गाडी चालू होत नाही’ एवढंच सांगितलेलं मिस्तरींना खपत नाही. “सेल्फ फिरतो का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरचा गडबडला की दुसरा येतो, “आवाज कसा येतो? एकदाच ‘कट’? का ‘कट-कट-कट’? का नुसती घुरघुर? का काहीच नाही?” भडगावात रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. अँबॅसिडर, पद्मिनी, मॅटाडोर, काळी-पिवळी जीप अशा सगळ्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. बॉनेट उघडण्याआधी कान द्यायचा आणि आवाजावरून अर्धं निदान करून मोकळं व्हायचं, ही त्यांची रीत.

आबांना ती पटत नाही. आबा निवृत्त विज्ञान शिक्षक. पोरांना ओहमचा नियम शिकवण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे डिजिटल मल्टिमीटर. “आवाज हा साक्षीदार आहे,” ते म्हणतात. “साक्षीदार गोंधळतो. मीटर आकडा देतं.” मिस्तरींचं उत्तर ठरलेलं असतं, “आकडा मीटर देतं, आबा. अर्थ कोण देतं?”

असे दोघे प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतात, म्हणून त्यांची नावं इथे दिलेली नाहीत. भांडणाचं कारण मात्र ठोस आहे आणि ते आबांच्या दारात लिंबाच्या सावलीत उभं असतं. एमएच १९ च्या पाटीची, १९९४ सालची, चोकची दांडी ओढून चालू करावी लागणारी मारुती ८००.

या गाडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या ग्राहकाच्या हाती चावी पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. सन २००० च्या सुमाराला कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. त्याआधीच्या गाडीत लपवण्यासारखं काही नाही. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, इंजिनच्या अंगावर बसलेला पेट्रोल पंप, सगळं बॉनेट उघडताच दिसतं आणि पान्याला लागतं. घरच्या घरी दुरुस्तीची हौस असलेल्याला याहून चांगली शाळा नाही. वाद घालायलाही हीच गाडी बरी, कारण इथे दोघांनाही आपलं म्हणणं लगेच तपासून बघता येतं.

पहिली चकमक डिसेंबरात झाली. खानदेशातली डिसेंबरची पहाट बोचरी असते. आबांच्या सूनबाईंना पाचोऱ्याला नोकरीवर जायचं होतं. चावी फिरवली तर एकदाच ‘कट’, पुढे काही नाही. मिस्तरी आले.

“काय व्हयनं, आबा?”

“बठ्ठं बराबर शे. फक्त चालू व्हत नही.”

मीटर आधीच बॅटरीवर लावलेलं होतं. आकडा १२.५. लेड-अॅसिड बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टची सहा घरं असतात, त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, बाराच्या खाली म्हणजे रिकामीच धरायची. आबांचा निष्कर्ष सरळ होता, बॅटरी ठीक आहे.

मिस्तरींनी मान हलवली. “तुमचं १२.५ हे झोपेतलं माप आहे. सेल्फला ऐंशी-शंभर अँपिअर लागतात, तुमचं मीटर त्यातलं काही मागत नाही. एक घर मेलेलं नसलं तरी थकलेल्या बॅटऱ्या मी पाहिल्यात, उभ्या असताना साडेबारा आणि चावी फिरवली की सात. हेडलाइट लावा आणि मग चावी फिरवा.”

ही हेडलाइटची चाचणी फुकटची आणि शंभर नंबरी आहे. चावी फिरवल्यावर दिवे विझत आले, तर बॅटरी दमली आहे, तिची टर्मिनल ढिली आहेत किंवा सेल्फ आतून अडकला आहे. दिवे तसेच लख्ख राहिले, तर बॅटरीला कुणी काही मागितलेलंच नाही. करंट वाटेत कुठेतरी अडला आहे. आबांच्या गाडीचे दिवे लख्ख राहिले.

“कार्बन झिजले,” मिस्तरी म्हणाले. सेल्फच्या आत कार्बनचे ब्रश असतात. ते झिजून आखूड झाले की आर्मेचरला नीट टेकत नाहीत. अशा सेल्फवर पान्याने हलकेच ठोकलं की ब्रश सरकतो आणि गाडी त्या वेळेपुरती चालू होते. मिस्तरींनी दोन टोले दिले. सूनबाईंनी चावी फिरवली. ‘कट’.

आता आबांची पाळी. त्यांनी मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर धरली आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर. “आता फिरव चावी.” दोन्ही पिना एकाच बाजूला, म्हणजे मायनसच्याच वाटेवर. निरोगी गाडीत सेल्फ फिरताना इथे दोन-तीन दशांश व्होल्टच दिसायला हवेत. दिसले सहाच्या आसपास. बॅटरीतले निम्मे व्होल्ट सेल्फपर्यंत पोचण्याआधीच अर्थिंगच्या वाटेत संपत होते.

याचं गणित आबांनी गाडीच्या धुळीवर बोटाने लिहून दाखवलं, आणि ते लिहिण्यासारखं आहेच. वाटेत अवघा ०.०५ ओहम अडथळा असला आणि त्यातून शंभर अँपिअर न्यायचे म्हटले, तर पाच व्होल्ट तिथेच जातात. साध्या मीटरच्या ओहमच्या खुणेवर एवढा बारीक अडथळा कळत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. टेस्ट लॅम्पही फसवतो. त्याला लागतो एखादा अँपिअर, तेवढा तर कुजक्या वायरीतूनही जातो. म्हणून वायर कामाला लावून, करंट धावत असतानाच मोजायची. मिस्तरींनी झोपेतल्या मापाबद्दल जे सुनावलं होतं, तेच आबा आता दुसऱ्या टोकाकडून सांगत होते. दोघांनी ते कबूल केलं नाही हा भाग निराळा.

मिस्तरी गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. डिकीतली जंपर केबल काढून त्यांनी तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला चिमटवलं. चावी फिरवताच सेल्फ गरगरला आणि इंजिन चालू झालं. “हे बघा माझं मीटर. आकडा नाही, पण गाडी चालू.”

खरं तर ती तितकीच शास्त्रशुद्ध चाचणी होती. संशयित वायरीला समांतर वाट करून दिली, दोष नाहीसा झाला, म्हणजे दोष त्या वायरीतच. आबांचा मार्ग दोष कुठे आणि किती ते सांगतो, मिस्तरींचा मार्ग सूनबाईंना वेळेवर पाचोऱ्याला पोचवतो. संध्याकाळी इंजिनची अर्थिंगची पट्टी सोडवली. वरून धड दिसणारी, पण बोल्टखाली हिरवी पावडर जमलेली आणि निम्म्या तारा तुटलेल्या. नवी पट्टी, पॉलिश पेपरने घासलेला पत्रा, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली. एवढ्यावर काम संपलं. कार्बन बदलण्यासाठी सेल्फ उतरवला असता तर मात्र रोग म्हशीला आणि औषध पखालीला झालं असतं.

घरी हे करणाऱ्याने एक क्रम पाठ करावा. बॅटरी सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. प्लसच्या नटाला पाना लावलेला असताना तो चुकून बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेलंच असलं, तर पाना जागेवर लाल होतो. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना काळ्या केबलचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीवर लावू नये, लांब इंजिनच्या लोखंडाला लावावं. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीत ठिणगी उडतेच. या दोन गोष्टींवर आबा आणि मिस्तरी यांचं एकमत आहे. ते दुर्मिळ असल्यामुळे मुद्दाम नोंदवलं.

बॅटरीवरून मात्र पुन्हा जुंपली. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. थंडीत तिचा मृत्यू उघडकीला येतो एवढंच. इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो, बॅटरीची रासायनिक क्रिया मंदावलेली असते. खरं नुकसान आधीच्या एप्रिल-मेमध्ये झालेलं असतं. जळगाव जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, गंज वेगाने वाढतो.

“म्हणून दर उन्हाळ्यात पाणी बघा म्हणतो,” मिस्तरी म्हणाले. “आणि बोअरचं पाणी घालू नका, बाटलीतलं डिस्टिल्डच घाला. आपल्या बोअरच्या पाण्याने बादल्या पांढऱ्या होतात, बॅटरीच्या प्लेटा काय राहणार?”

“पाणी घालून काय कळतं? हायड्रोमीटरने घनता बघा. भरलेल्या घरात १.२६ ते १.२८. पाच घरं तशी आणि एक १.१५ असलं, की बॅटरी बदलायची. चावी फिरवताना ९.६ च्या खाली व्होल्ट गेले तरी बदलायची. आणि गाडी चालू झाल्यावर टर्मिनलवर १३.८ ते १४.४ दिसत नसतील, तर नवी बॅटरी आणूनही चार दिवसांत तीच रड. तेव्हा अल्टरनेटर बघायचा.”

हा शेवटचा मुद्दा मिस्तरींना मान्य नसायचं कारण नाही, पण त्यांनी अनुभवाची भर घातली. गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडे ‘रात्रीतून बॅटरी उतरते’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत बॅटरी चांगली आणि अल्टरनेटरही चांगला होता. नंतर बसवलेला टेप, रिमोट लॉक, नाहीतर डिकीतला न विझणारा दिवा, यांतलं काहीतरी करंट पीत होतं. अर्धा अँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ३५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी अर्ध्या अँपिअरने तीन दिवसांत संपते. मायनस वायर सोडवून मध्ये मीटर अँपिअरवर लावलं, की ही चोरी पकडता येते. जुन्या साध्या गाडीत पन्नास मिलिअँपिअरच्या वर काही दिसलं तर एकेक फ्यूज काढत जायचं, आकडा ज्या फ्यूजला पडेल त्या वाटेवर चोर. मीटर असं मध्ये जोडलेलं असताना चावी मात्र फिरवायची नाही, मीटर जळेल.

आणि उंदीर. दिवाळीच्या सुमाराला घराघरांत कापूस येऊन पडतो, त्याच्या मागे उंदीर येतात, आणि त्यांना गाडीच्या वायरीवरचं आवरण का आवडतं हे उंदरांनाच ठाऊक. महिनाभर न हलवलेली गाडी चालू होत नसेल, तर मीटरच्याही आधी डोळे वापरावेत, यावर आबांनी हरकत घेतली नाही.

दुसरा वाद जास्त रंगला, कारण त्यात दोघांनाही हरायची पाळी आली.

एप्रिलात सूनबाईंनीच तक्रार मांडली, आणि ती नमुनेदार होती. “सकाळी एका चावीत चालू होते. पाचोऱ्याहून येताना दुपारी किराण्याच्या दुकानासमोर दहा मिनिटं थांबवली, की सेल्फ छान फिरतो, पण इंजिन धरत नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते.” कधी होतं, कधी होत नाही, त्या वेळी काय फिरतं आणि काय नाही, हे सगळं एका दमात. रोज गाडी चालवणाऱ्या माणसाचं असं निरीक्षण मीटर आणि कान या दोघांपेक्षा मोलाचं असतं. ते विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नव्हतं.

मिस्तरींचं निदान तिथेच तयार. “पेट्रोलची वाफ. पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटांत चालू होईल.”

यात तथ्य आहे. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण, त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. इंजिन चालू असताना हवा आणि पाणी उष्णता वाहून नेतात. बंद केलं की पंखा थांबतो, पाणी थांबतं आणि इंजिनची सगळी धग वर कार्बोरेटरकडे चढते. बंद केल्यावरची पहिली दहा-वीस मिनिटं म्हणूनच सगळ्यांत वाईट. पंपात वाफेचा बुडबुडा अडकला की पंप पेट्रोल ओढत नाही. उलट कधी कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत सांडतं आणि मिश्रण इतकं दाट होतं की पेट घेत नाही. दुसऱ्या प्रकारात अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा, म्हणजे हवा भरपूर जाऊन ओलावा निघतो. पाय वरखाली केला तर कार्बोरेटर दर वेळी आणखी एक पिचकारी मारतं आणि प्रकरण बिघडतं.

आबांनी विचारलं, “फडकं टाकून दहा मिनिटांनी गाडी चालू झाली, तर सिद्ध काय झालं?”

“की वाफ होती.”

“की दहा मिनिटं गेली. दहा मिनिटांत पंप थंड होतो, तशी कॉइल थंड होते, कंडेन्सरही थंड होतो. जुना कंडेन्सर आणि जुनी कॉइल तापल्यावर दगा देतात, थंडावल्यावर शहाण्यासारखी वागतात. तुमचं फडकं दोघांनाही बरं करतं. मग दोषी कोण ते फडक्यावरून कसं कळणार?”

या एका प्रश्नासाठी आबांना पूर्ण गुण द्यायला हवेत. घरगुती दुरुस्तीतल्या निम्म्या चुका इथेच होतात. उपाय लागू पडला म्हणून निदान बरोबर होतं, असं आपण धरून चालतो. एकाच वेळी प्लग, पॉइंट आणि एअर फिल्टर बदलून गाडी सुधारली, की यातलं काय बिघडलं होतं ते कायमचं गुलदस्त्यात राहतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही बदलावं लागतं.

तेव्हा दोष हजर असतानाच तपासायचं ठरलं. दुपारी गाडी तापवून आणली, दहा मिनिटं थांबवली, आणि अपेक्षेप्रमाणे ती रुसली. आबांनी फर्मान सोडलं, “कार्बोरेटरची पेट्रोलची नळी काढा, बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोल येतं का बघू.”

मिस्तरींनी पाना खाली ठेवला. पुढे ते जे बोलले त्यात नेहमीची थट्टा नव्हती. “गरम इंजिनवर उघडी पेट्रोलची नळी आणि शेजारी डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगी? आबा, मी जळालेली बॉनेटं पाहिलीत. हे दुपारी दारात करायचं काम नाही. इंजिन थंड झाल्यावर, कॉइलची मधली वायर काढून, उघड्यावर, वाळूची बादली शेजारी ठेवून करायचं. आणि घरातलं पोर आसपास नको.”

आबांना माघार घ्यावी लागली. पुस्तकातली चाचणी बरोबर होती, ती कधी आणि कुठे करायची हे पुस्तकाबाहेरचं होतं. मग पेट्रोलला हात न लावता आधी करंट बघायचा ठरला. एक जास्तीचा प्लग वायरीला लावला, इन्सुलेशनच्या पकडीने त्याचा धातू इंजिनला टेकवला आणि सेल्फ मारला. जिथे निळी, तडतडणारी ठिणगी हवी, तिथे पिवळट, मरतुकडी ठिणगी आली.

“कंडेन्सर,” आबा म्हणाले. मिस्तरींनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पॉइंट बघितले. तोंडं काळी-निळी, एकावर खड्डा, दुसऱ्यावर उंचवटा. कंडेन्सर कमजोर झाला की पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी जळत राहते आणि ती अशी तोंडं खाते. मीटरशिवाय, नुसत्या नजरेने त्यांनी आबांच्या निदानाला दुजोरा दिला. नवा संच बसवताना पुन्हा तू-तू-मैं-मैं झालीच. आबांनी फिलर गेज काढलं, पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान बसवण्यासाठी. मिस्तरी आयुष्यभर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीवर ती बसवत आलेले. कार्डाने बसवलेली फट आबांनी गेजने मोजली. ती मर्यादेत होती. आबांनी कार्ड खिशात घातलं आणि काही बोलले नाहीत.

कथा इथे संपली असती तर आबा जिंकले असते. पण मेच्या ऐन भरात, उन्हाचा पारा चढलेल्या दोन-तीन दुपारी गाडी पुन्हा रुसली. या वेळी ठिणगी निळी होती. म्हणजे वाफसुद्धा होतीच. म्हाताऱ्या गाडीत एका लक्षणामागे दोन दोष सुखाने नांदू शकतात, आणि ‘कारण सापडलं’ म्हणून पहिल्यावर थांबणारा दुसऱ्यात सापडतो. पंप आणि इंजिन यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड पॅकिंगचा तुकडा मागच्या कुठल्याशा दुरुस्तीत कुणीतरी पातळ बसवला होता. तो मिस्तरींनीच शोधला, बोट फिरवून.

त्याच वेळी पंपाकडे येणारी रबरी नळी त्यांनी वाकवून दाखवली. बारीक तडे. देशातलं पेट्रोल २०२५ मध्ये वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणापर्यंत पोचलं. ते सोसणारे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून येऊ लागले, १९९४ च्या गाडीच्या रबराचा त्या वेळी कुणी विचार केलेला नव्हता. अशी नळी गळण्याआधी हवा ओढते. गाडी आठवडाभर उभी राहिली की पेट्रोल टाकीकडे परत उतरतं आणि पहिल्या सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. दर पावसाळ्याआधी या नळ्या बघणं, आणि ऑइलची पट्टी काढून पेट्रोलचा वास येतो का ते हुंगणं, ही दोन कामं कुणालाही जमतात. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि ते इंजिनच्या जिवावर बेतणारं असतं.

धक्का स्टार्टवर दोघांचं काय म्हणणं, तेही सांगायला हवं. मिस्तरी धक्क्याचे पुरस्कर्ते. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकलायचं, वेग आला की क्लच सोडायचा. आबा म्हणतात, धक्का म्हणजे निदान पुढे ढकलणं. दोघांनाही एक मर्यादा मान्य आहे. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर अल्टरनेटरच्या गाडीला गिरणा नदीच्या पुलापर्यंत ढकललं तरी उपयोग नाही, कारण अल्टरनेटरला स्वतः जागं व्हायला थोडा करंट लागतो आणि कॉइललाही. शिवाय नव्या गाड्यांत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं तर तो महागडा भाग खराब होतो. जुन्या अँबॅसिडरला हँडल मारायची सोय होती, ८०० ला तीही नाही. सेल्फलाही दमाने घ्यावं. सलग दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं, नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जळतो.

सूनबाईंनी एकदा दोघांनाही निरुत्तर केलं. “तुमच्या पॉइंट-कंडेन्सरचं ठीक आहे. माझ्या मैत्रिणीची अल्टो एमपीएफआय आहे. ती काय करेल?”

तिच्यासाठी क्रम तोच, साधनं वेगळी. चावी ‘ऑन’वर नेताच मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी, ती टाकीतल्या पंपाची. ती नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघायचा. इंजिनचा पिवळा दिवा चावीसोबत लागतो का, तेही पाहायचं. मात्र प्लगची वायर काढून ठिणगी बघण्याचा जुना उद्योग अशा गाडीत करू नये, त्यात संगणकाला इजा होऊ शकते. डिझेलवाल्यांनी थंडीत स्प्रिंगच्या खुणेचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावं, आणि डिझेल एकदा पूर्ण संपलं असेल तर लाइनमधली हवा काढल्याशिवाय सेल्फ मारत बसू नये. यापुढे स्कॅनर लागतो, आणि तो घरी नसतो.

आता ही गाडी ठेवायची का, हा प्रश्न राहतो. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते शुल्क १०,००० रुपये झालं. पर्यावरण कर वेगळा. मिस्तरी व्यवहाराचं बोलतात, “विका आबा, भंगारात घाला, पैसे वाचतील.” हे सांगणाऱ्या माणसाचा धंदाच जुन्या गाड्यांवर चालतो, ही गंमत सोडून द्या. आबांचा हिशेब निराळा. पट्टी, कंडेन्सर, नळी हे सगळं मिळून नव्या गाडीच्या एका हप्त्याच्याही आत बसतं. दोघांचेही आकडे बरोबर आहेत, फक्त आबांनी त्यात स्वतःचे तास धरलेले नाहीत. ते धरले तर मिस्तरी जिंकतात. आबांना ते तास खर्च वाटत नाहीत, त्यामुळे हा वाद मिटण्यातला नाही.

लेखकाचा कौल विचाराल तर तो असा वाटून द्यावा लागतो. हेडलाइटची चाचणी, टर्मिनलची सफाई, बॅटरीचं पाणी आणि घनता, सेल्फ फिरताना व्होल्ट, अर्थिंगचं माप, फ्यूज, नळ्यांची पाहणी ही सगळी घरची कामं आहेत आणि ती प्रत्येकाने शिकावीत. त्यात आबा गुरू. गरम इंजिनवर पेट्रोल उघडणं, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरून सेल्फ उतरवणं आणि कार्बोरेटर खोलणं ही घरची कामं नव्हेत, आणि इथे मिस्तरींचा शब्द शेवटचा.

आणि गॅरेजला फोन करायचाच झाला तर ‘चालू होत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. सेल्फ फिरतो की नाही, आवाज कसा, हेडलाइट मंदावतात का, गाडी थंड होती की तापलेली, किती दिवस उभी होती आणि अलीकडे तिला कुणी हात लावला होता, हे सांगा. मिस्तरी योग्य सामान घेऊनच निघतील आणि एक खेप वाचेल. मार्च संपण्याआधी बॅटरीचं पाणीही बघून ठेवा.